कोकराचा पाठ

मला दोन भाषा येत होत्या म्हणून मास्तर केलं, आणि त्या दोन्ही वर्गात तोंडातून काढायच्या नाहीत हे शिकायला साताऱ्याला पाठवलं. यात काही विचित्र आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही. लढाईचे दिवस होते, माणसं त्याहून विचित्र गोष्टींना मान डोलावत होती.

आमचं गाव कवठे महांकाळच्या पूर्वेला. पाऊस पडला तर बाजरी, नाही तर मेंढरं. आणि पाऊस बहुधा पडत नसे. आबा, म्हणजे माझे वडील, मराठी बोलत. आई विजापूरकडची, ती कानडी बोले. भांडण झालं की दोघं आपापल्या भाषेत भांडत आणि दोघांनाही सगळं समजे. मेंढरांशी आम्ही कानडीत बोलायचो, कारण ती आईच्या माहेरच्या बाजूची होती. कुत्र्याशी मराठीत. मी लहानपणी यात कधी गल्लत केली नाही.

पुढे वसतिगृहात राहून मी शिकलो आणि सांगलीच्या एका हायस्कुलात अनट्रेंड, म्हणजे ट्रेनिंग न झालेला, मास्तर म्हणून लागलो. तिथं जतच्या पलीकडून आलेली कानडी बोलणारी मुलं होती आणि कृष्णाकाठची मराठी बोलणारी मुलं होती. दोघांनाही इंग्रजी सारखंच येत नव्हतं. मी एक वाक्य मराठीत फोडून सांगायचो, तेच कानडीत, मग सगळे मिळून इंग्रजीकडे वळायचो. हेडमास्तर खूश होते. ते म्हणाले, "असा माणूस आम्हाला कायम हवा. पण अनट्रेंड ठेवता येत नाही. साताऱ्याला वर्ग आहे, वर्षभराचा. सर्टिफिकेट आणा, जागा तुमची. एका झटक्यात पास व्हा मात्र, दुसऱ्या वर्षापर्यंत मला जागा राखता यायची नाही."

मी हे आबांना सांगायला गावी गेलो. आबा तेव्हा मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "आन् पास न्हाई झालास तर?"

"तर नोकरी दुसऱ्याला."

"मग तू हिकडं येनार. मेंढरं तुजी." त्यांनी काटा काढला, बघितला आणि फेकून दिला. "आन् झालास तर?"

उत्तरही त्यांनीच दिलं. "झालास तर इकायची. थोरला पलटनीत गेलाय, लढाई सपली तरी तितंच ऱ्हातो म्हंतोय. माजं गुडगं काय पुढच्या दिवाळीला वाट चालू द्यायचं न्हाईत. ह्यो यंदाचा एक हंगाम मी काडतो. मग दोन्हीतलं एक."

एवढं बोलून ते दुसऱ्या मेंढीकडे वळले. त्यांच्या आवाजात कुठली बाजू जड होती ते मला कळलं नाही. मी जायचं ठरवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं, त्यामुळे आणखी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

साताऱ्याला मी कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून पोचलो. पेट्रोल लढाईवर गेलं होतं. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं आणि मोटारीच्या मागून चालायचं, असा प्रवास. त्यामुळे साताऱ्याची माझी पहिली ओळख पायी झाली. शहर डोंगराच्या कुशीत चांगलं गार होतं आणि खाणावळीतली आमटी पातळ होती. सांगली संस्थान आणि सातारा खालसा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख, एवढाच फरक मला घरातून निघताना सांगितला गेला होता. आमटीवरून तो ओळखता आला नाही.

आमच्या शिक्षणाचे सूत्रधार मेथड मास्तर होते. सडपातळ माणूस, बारा महिने कोटाची सगळी बटणं लावलेली. इंग्रजी प्रत्यक्ष पद्धतीनंच शिकवायचं, मातृभाषेचा एक शब्दही वर्गात उच्चारायचा नाही, यावर त्यांची श्रद्धा होती आणि ती ते स्वतः पाळत. शिपायाशीही ते इंग्रजीत बोलत. शिपाई मराठीत उत्तर देई. पाणी वेळेवर येई, घंटा वेळेवर होई. पद्धत बिनचूक असल्याचा हा मोठा पुरावा मानला जायचा.

पद्धत अशी की शब्दाचा अर्थ सांगायचा नाही, दाखवायचा. 'बसणे' शिकवायचं तर बसायचं. 'धावणे' शिकवायचं तर धावायचं. आमच्यातल्या एका स्थूल गृहस्थांना 'उडी मारणे' आलं होतं आणि त्यांनी ते मन लावून केलं. मला एकदा 'तहानलेला' आला. मी घशाला हात लावला, जीभ बाहेर काढली, डोळे फिरवले. एका मुलानं उठून मला तांब्याभर पाणी आणून दिलं. मेथड मास्तरांनी शेऱ्यात लिहिलं, 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम.' 'प्रामाणिक' हा शब्द ज्यांच्या वाट्याला आला, ते बराच वेळ वर्गासमोर नुसते उभे होते. घंटा झाली तेव्हाही ते उभेच होते.

सरावाच्या शाळेतली मुलं या सगळ्याला सरावलेली होती. दरवर्षी नवे शिकाऊ मास्तर येत आणि तेच धडे घेत. ती मुलं आमच्यापेक्षा जास्त ट्रेंड होती. मी एका पाठात चित्र दाखवायचं विसरलो तर पहिल्या बाकावरचे दोघे-तिघे हळूच म्हणाले, "सर, चित्र." मी चित्र दाखवलं. त्यांनी माना डोलावल्या. नवीन काही शिकल्यावर चेहऱ्यावर जो आनंद दिसायला हवा तो त्यांना हुकमी आणता यायचा, आणि त्यासाठी मी आजही त्यांचा ऋणी आहे.

माझी अडचण वेगळीच होती. दोन भाषा असलेल्या माणसाला एकही वापरू नको म्हटलं की तो मुका होतो. इतरांना मराठी गिळायची होती. मला मराठी गिळली की कानडी वर यायची. ती गिळेपर्यंत इंग्रजी निघून जायचं. माझ्या पाठात शांतता फार असते, असं मेथड मास्तरांनी सत्राच्या मध्याला सांगितलं. ही शांतता वर्गाची नसून मास्तरांची आहे, असंही ते म्हणाले. वार्षिक पाठाला पुण्याचे परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर मातृभाषेचा एक शब्द निघाला तर पाठ गेला, आणि पाठ गेला की वर्ष गेलं. याची आठवण त्यांनी मला करून द्यायची गरज नव्हती. मी रोज दात घासताना तीच काढत होतो.

त्या साली दिवाळीनंतर आबांनी वाडा साताऱ्याकडे वळवला. वाडा म्हणजे आमच्यात मेंढरांचा तळ: घोडं, जाळी, कुत्रं, बिऱ्हाड सगळं आलं. दरवर्षी तो कऱ्हाडावरून पाटणच्या बाजूला जायचा. शेतकरी बोलावून नेत, मेंढरं त्यांच्या रानात बसवत, लेंड्यांचं खत होई आणि आम्हाला धान्य मिळे. मी विचारलं, यंदा इकडे कसे? आबा म्हणाले, "चारा बरा हाय हिकडं." चारा पाटणच्या बाजूला बरा होता. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि वाटेत मेंढरांनाही कळलं असावं, कारण ती चांगलीच रोडावली होती.

शहराच्या खालच्या अंगाला नदीकाठी एका शेतात तळ पडला होता. सुट्टीच्या दिवशी मी तिकडे जायचो. आई भाकरी करायची आणि कानडीत विचारायची की तिथं पोटभर जेवू घालतात का. मी कानडीत नाही म्हणायचो. आठवडाभराचं तोंड तिथं मोकळं व्हायचं. आबा काही विचारत नसत. एकदा फक्त म्हणाले, "कसलं रं शिकीवत्यात वरीसभर? मास्तर तर तू हुतासच की." मी त्यांना पाठाच्या पायऱ्या सांगितल्या. आधी पूर्वतयारी, मग हेतुकथन, म्हणजे आज आपण काय करणार ते वर्गाला एका वाक्यात सांगणं, मग पुढचं. आबांनी नीट ऐकून घेतलं. "आदीच सांगायचं व्हय," ते म्हणाले. हेतुकथन ही पायरी आमच्या घरात कुणी कधी घेतली नव्हती.

वार्षिक पाठासाठी मला कोकराचा धडा आला. वाचनमालेतला सोपा धडा होता: एक कोकरू आहे, ते पांढरं आहे, ते आईच्या मागे जातं. दाखवण्याच्या साधनांबद्दल मेथड मास्तरांचा क्रम पाठ होता. शक्य तर प्रत्यक्ष वस्तू. ती नसेल तर प्रतिकृती. तीही नसेल तर चित्र. इतर सगळे चित्रावर थांबत. पण लढाईमुळे जाड कागद मिळेनासा झाला होता, आणि मला चित्र काढता येत नव्हतं. माझ्या एका गाईला सरावाच्या मुलांनी एकमतानं कुत्रं ठरवलं होतं. उलट प्रत्यक्ष वस्तू नदीकाठी भरपूर होती. मी मेथड मास्तरांना विचारलं, खरं कोकरू आणलं तर चालेल का? त्यांनी थोडा विचार केला. नियमात बसत होतं. "आणा," ते इंग्रजीत म्हणाले.

आबांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. त्या अख्ख्या शिक्षणात त्यांना समजेल अशी ही एकच गोष्ट होती. त्यांनी स्वतः कोकरू निवडलं, पांढरंशुभ्र. "पर एकलं न्हाई ऱ्हायाचं ते," ते म्हणाले. "वरडंल. त्येच्या आईला बी आणतो. भाईर धरून हुबा ऱ्हातो."

इथं आम्ही चुकलो. मेंढरांत वाढलेल्या दोन माणसांना हे कळायला हवं होतं, की आई मुळीच आणू नये, किंवा आणलीच तर आवाज पोचणार नाही इतकी लांब ठेवावी. पण एकटं कोकरू ठेवणं आमच्या वळणात बसत नव्हतं. शहरातल्या कुठल्याही माणसानं चित्र आणलं असतं आणि प्रश्नच मिटला असता.

पाठाच्या दिवशी आबा धुतलेलं धोतर नेसून आणि नवं पागोटं घालून शाळेच्या आवारात आले. कोकरू माझ्या हातात देऊन ते खिडकीबाहेरच्या लिंबाखाली मेंढी धरून उभे राहिले. आत मागच्या बाकावर परीक्षक बसले होते, चष्मा कपाळावर सरकवून. शेजारी मेथड मास्तर, बटणं लावून. पूर्वतयारी झाली. हेतुकथन झालं. मी कोकरू टेबलावर ठेवलं आणि इंग्रजीत म्हणालो, हे कोकरू आहे. सरावाच्या मुलांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी आलेला आनंद पहिल्यांदाच खरा होता. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर कुणी जिवंत काही ठेवलं नव्हतं. कोकरू पांढरं आहे. त्याला चार पाय आहेत. माझं इंग्रजी असं सुरळीत कधी चाललं नव्हतं. मी मनातल्या मनात सांगलीला पोचलो होतो.

तेवढ्यात बाहेर मेंढी ओरडली.

कोकरानं टेबलावरून उडी घेतली ती थेट पहिल्या बाकावर. दौती सांडल्या. मग ते बाकांखाली शिरलं आणि पोरं उठली. सगळी एकदम. "धर, धर!" "हिकडं आलं रं!" "शेपूट धर गड्या!" प्रत्यक्ष पद्धत वर्गातून निघून गेली. कोकरू परीक्षकांच्या पायांतून गेलं आणि त्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. मी इंग्रजीत शांत बसा म्हणत होतो. माझं मलाच ऐकू येत नव्हतं. माझं वर्ष बुडताना मला स्पष्ट दिसलं.

आणि माझ्या तोंडून ती हाक गेली.

मेंढरं पांगली की आम्ही ती देतो, पाण्यावर न्यायची असतात तेव्हाही देतो. जीभ टाळूला लावून काढलेला लांबच लांब 'ट्रुर्रर्र', आणि मागून दोनदा 'बाऽ, बाऽ.' ये, ये. ती रानात द्यायची हाक आहे. चार भिंतींत ती केवढी वाटते हे मला माहीत नव्हतं. खिडक्या वाजल्या. कोकरू होतं तिथं थांबलं, वळलं आणि माझ्या पायांशी येऊन उभं राहिलं. आणि पोरं गपकन खाली बसली. एकूण एक. हातात दौत असलेला दौत धरून बसला. बाहेरची मेंढीही गप्प झाली.

मी उरलेला धडा शिकवला. काय शिकवलं ते आठवत नाही.

पाठ संपल्यावर परीक्षकांनी मला व्हरांड्यात बोलावलं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही मध्येच काय म्हणालात? ती कुठली भाषा?"

खोटं सुचलं असतं तर बोललो असतो. "शेवटचं कानडी, सर," मी म्हणालो. "आधीचं मेंढरांचं."

"म्हणजे मातृभाषा."

आईची होती हे खरंच होतं. लिंबाखाली आबा मेंढी आणि कोकरू दोन्ही धरून उभे होते. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण माझ्या मानेवरून कळलं असावं, कारण त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं.

मग मेथड मास्तर बोलले. "मातृभाषेत विद्यार्थ्यांना उद्देशून बोलू नये, असा नियम आहे. हे उद्गार कोकराला उद्देशून होते."

परीक्षक म्हणाले, "पण मुलंही बसली."

"बसली," मेथड मास्तर म्हणाले. "त्याबद्दल नियमात काही नाही."

परीक्षकांनी चष्मा परत कपाळावर सरकवला आणि ते पुढच्या पाठाला गेले. मेथड मास्तर माझ्याकडे वळले आणि पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्याशी मराठीत बोलले. "वडिलांना म्हणावं, पागोटं घाला. ऊन आहे."

निकाल लागला तेव्हा वाडा परतीच्या वाटेवर होता. मी कऱ्हाडच्या पुढे त्यांना गाठलं. मेंढरं सडकेच्या कडेला बाभळीखाली बसली होती. सर्टिफिकेट दाखवलं तर आबांनी हातात घेतलं नाही, हात मळलेत म्हणाले. लांबूनच बघितलं.

"झालं म्हन की."

"झालं."

"ब्येस." ते खरंच हसले. आईला हाक मारून त्यांनी सांगितलं. मग हातातली काठी जमिनीवर दोनदा टेकवली आणि त्याच आवाजात म्हणाले, "आता बाजार बघाया लागंल."

वर्षभर मी पास होण्याचाच विचार केला होता. दोन्हीतलं एक, हे त्यांनी मला आधीच, एका वाक्यात, सांगितलं होतं. हेतुकथनात ते कच्चे होते असं मी उगाच समजत होतो. मला तिथं सडकेवर रडू आलं. आबा म्हणाले, "आरं, पास झालास न्हवं?" आणि मेंढरं उठवायला गेले.

जतच्या बाजारात सगळा कळप एका दिवसात गेला. मी म्हणालो, "आबा, एखादं तरी ठेवा. ते पांढरं कोकरू ठेवा." त्यांनी माझ्याकडे मी काही शिकलेलोच नाही अशा नजरेनं बघितलं. "एकलं मेंढरू ऱ्हातं व्हय कुटं?" ते म्हणाले.

जूनमध्ये मी ट्रेंड मास्तर म्हणून सांगलीला रुजू झालो. हेडमास्तरांनी सर्टिफिकेट कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि म्हणाले, "छान. आता पूर्वीसारखं शिकवा. दोन्ही भाषांत." मी तसं शिकवू लागलो. साताऱ्याहून आणलेलं वर्गात एकच कामाला आलं. दंगा फार वाढला की मी ती हाक द्यायचो. कानडी मुलं हसायची, मराठी मुलं दचकायची आणि वर्ग गप्प व्हायचा. पोरांना ती इतकी आवडली की ती मुद्दाम दंगा करू लागली.

आई-आबांना मी सांगलीत आणून ठेवलं होतं. आईनं शेजारीण शोधली, कानडीच. आबांना काही सापडेना. खोलीत त्यांचा जीव रमायचा नाही. दुपारी ते गुडघा ओढत शाळेकडे यायचे आणि माझ्या वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर काठी मांडीवर आडवी घेऊन बसायचे. हेडमास्तरांची हरकत नव्हती. आबा कुणाशी बोलत नसत. शाळा सुटली की आम्ही बरोबर घरी जायचो.

अशाच एका दुपारी, आबा यायला लागून थोडेच दिवस झाले होते, वर्गात दंगा उसळला आणि सवयीनं मी हाक दिली. पोरं हसत हसत खाली बसली. मी फळ्याकडे वळणार तोच खिडकीतून बाहेर नजर गेली.

आबा उभे होते. गुडघ्याला हात न लावता उठले असणार, काठी उजव्या हातात आली होती आणि ते मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवत होते. मैदान मोकळं होतं. त्यांनी पुन्हा एकदा, आता डोळ्यांवर हात धरून, बघितलं.

मी बाहेर गेलो. "आबा, बसा. मी पोरांना हाक दिली."

"व्हय व्हय," ते म्हणाले. लाजल्यासारखे झाले. "मला वाटलं, पान्यावर न्ह्याची येळ झाली." आणि मग कट्टा चाचपत हळूहळू खाली बसले.

मी वर्गात परत आलो. त्या दिवसापासून पोरांना गप्प करायला मी इतर मास्तरांसारखी टेबलावर छडी आपटू लागलो.